कॅम्पसवरील फूड पॅन्ट्री: ‘ज्याने त्याने आपापले पाहावे’ हा सल्ला का चुकीचा आहे

अमेरिकेतील महाविद्यालयांत गरजू विद्यार्थ्यांना विनामूल्य शिधा देणाऱ्या फूड पॅन्ट्रींविषयी एक मत वारंवार मांडले जाते: प्रत्येक कॉलेजने आपल्यापुरती पॅन्ट्री चालवावी आणि चालकांच्या आघाड्यांवर, बैठकांवर होणारा खर्च थेट धान्यावर करावा. या मताला आधार म्हणून तीन मुद्दे पुढे केले जातात.

पहिला, ही अडचण मूठभरांचीच आहे. मात्र २०२०च्या राष्ट्रीय पाहणीनुसार पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी सुमारे २३ टक्के जणांना पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती.

दुसरा, प्रत्येक कॅम्पस वेगळा असल्याने एकाचा अनुभव दुसऱ्याच्या कामी येत नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठात १९९३पासून विद्यार्थीच फूड बँक चालवत आले होते. तरीही त्यांनी आणि ओरेगन स्टेटच्या पॅन्ट्रीने २०१२मध्ये मिळून कॅम्पस पॅन्ट्रींची देशव्यापी आघाडी उभारली, जी २०२१मध्ये ‘स्वाइप आउट हंगर’ या संस्थेत विलीन झाली. पॅन्ट्री सांभाळणारे विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातात आणि त्यांच्याबरोबर कामाची माहितीही जाते. नोंदणीत किती विचारावे म्हणजे संकोची विद्यार्थी दारातून परत फिरणार नाही, उन्हाळी सुट्टीत काय करावे, हे प्रश्न सगळीकडे तेच असतात आणि त्यांची उत्तरे प्रत्येकाने नव्याने शोधण्यात उपाशी विद्यार्थ्याचाच वेळ जातो.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि माझ्या मते तो सर्वांत दुबळा आहे. दुकानातून डबाबंद अन्न विकत आणण्यापेक्षा प्रादेशिक फूड बँकेशी, म्हणजे अनेक पॅन्ट्रींना शिधा पुरवणाऱ्या मोठ्या कोठाराशी, जोडून घेतल्यास तेवढ्याच पैशांत अधिक शिधा मिळू शकतो. पण त्यासाठी साठवणुकीच्या आणि नोंदींच्या अटी पाळाव्या लागतात, ज्या आधी जोडल्या गेलेल्या पॅन्ट्रीकडून शिकणे सोपे जाते. शिवाय ‘स्नॅप’ या सरकारी अन्नसाहाय्यासाठी बहुतेक विद्यार्थ्यांना आठवड्याला किमान २० तास काम करावे लागते किंवा दुसऱ्या एखाद्या सवलतीत बसावे लागते. एकटी पॅन्ट्री हा नियम बदलू शकत नाही. कॅलिफोर्नियाने २०१७मध्ये भूकमुक्त कॅम्पससाठी निधी दिला, तेव्हा त्याला पॅन्ट्रीबरोबरच स्नॅपच्या नोंदणीसाठी लागणारी माहिती विद्यार्थ्यांना देणाऱ्या कर्मचाऱ्याची अट जोडली. महाराष्ट्रातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलामुलींना तर स्नॅप मिळतच नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी पॅन्ट्रीचे महत्त्व अधिकच आहे.

एक आक्षेप मात्र रास्त आहे: जिथे एकच अर्धवेळ कर्मचारी आहे, अशा लहान कॉलेजला बैठकांचा भार पेलत नाही. तेथे मोठ्या विद्यापीठांनी तयार अर्ज आणि नियमावली पुरवावी, उपस्थितीचा आग्रह धरू नये.