‘क’ आणि ‘के’: बाळाच्या थेंबांवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चौघांनी दाखवला. एका आजीने, दोन आयांनी आणि शेवटी आमच्याच घरच्या ग्रुपवर माझ्या मेव्हण्याने. गोव्यात डिचोलीला माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे “भाऊ, हे खरं काय हो?” हा प्रश्न काउंटरवरून माझ्याकडेच येतो.

मेसेजचं सार असं. बाळांना जीवनसत्त्वांचे थेंब देणं हा कंपन्यांचा धंदा आहे. आईच्या दुधात सगळं असतं. गोव्यात उन्हाला तोटा नाही. जन्मल्याबरोबर टोचतात ते ‘क’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन फालतू, कारण ‘क’ लिंबात असतं. लोहाच्या औषधाने दात काळे होतात, त्यापेक्षा नाचणीचं सत्त्व आणि खजूर द्या. आणि मुलाची भूक, उंची, बुद्धी वाढवायचीच असेल तर अमुक नैसर्गिक पावडर मागवा, जास्त झाली तरी लघवीतून निघून जाते. खाली फोन नंबर. कंपन्यांच्या धंद्यावर तुटून पडलेला मेसेज स्वतःच दुकान मांडून संपतो, हे चौघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मी डॉक्टर नाही. पण कोण काय नेतं आणि काय परत ठेवतं ते रोज बघतो. असले मेसेज वाचून लोक बाळाचे ‘ड’चे थेंब बंद करतात आणि त्याच फेरीत भुकेचं टॉनिक नेतात. धंदा म्हणून बघितलं तर मला हे परवडतं. टॉनिकच्या बाटलीवर थेंबांपेक्षा जास्त पैसे सुटतात. तरीही उत्तर लिहितो आहे, कारण या मेसेजने जे गरजेचं आहे तेच फालतू ठरवलं आहे आणि जे फालतू आहे ते विकायला काढलं आहे.

आधी ते इंजेक्शन, कारण तिथली चूक अगदी आपली, मराठी आहे. शाळेत आपण जीवनसत्त्वं शिकलो ती अ, ब, क, ड. इंग्रजीतलं ‘सी’ म्हणजे आपलं ‘क’, लिंबा-आवळ्यातलं. जन्मल्यावर मांडीत टोचतात ते ‘के’. या दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. ‘के’ हे अक्षर रक्त गोठण्याच्या ‘कोआग्युलेशन’ या शब्दावरून पडलं. शोध लावणाऱ्या हेन्रिक डाम या डॅनिश शास्त्रज्ञाला त्यासाठी १९४३चं नोबेल मिळालं. मेसेज लिहिणाऱ्याने मात्रा काढून टाकली आणि एका वेगळ्याच वस्तूवर निकाल दिला.

‘के’ नसेल तर रक्त गोठत नाही. वारेतून बाळाकडे ते फारच थोडं जातं, आईच्या दुधात नगण्य असतं, आणि आतड्यात ते बनवणारे जिवाणू जन्मतः वस्तीला आलेले नसतात. म्हणून १ मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन, एकदाच. अगदी कमी वजनाच्या बाळाला त्याहून कमी. ते न मिळालेल्या, केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळाला दोन आठवड्यांपासून पुढे काही महिन्यांपर्यंत कधीही अचानक रक्तस्राव होऊ शकतो आणि तो बरेचदा मेंदूत होतो. आदल्या दिवशीपर्यंत बाळ टुणटुणीत असतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी १९६१ सालीच हे इंजेक्शन सगळ्या नवजात बाळांना द्यावं असं सांगितलं. यावर चर्चा करत बसण्यासारखं काही नाही. प्रसूतीच्या कागदावर ‘व्हिटॅमिन के दिलं’ असं लिहिलंय का, तेवढं बघा.

आता “आईच्या दुधात सगळं असतं”. हे वाक्य मोडायला माझी जीभ रेटत नाही, कारण पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, हे मी स्वतः काउंटरवर शंभरदा सांगतो. दूध उत्तमच आहे. फक्त ‘ड’ त्यात नाही म्हणण्याइतपत कमी असतं: लिटरमागे पन्नासेक युनिट, बहुतेकदा त्याहूनही कमी. बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पितं. त्याची गरज आहे ४०० युनिटची. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०२१च्या सूचनांत पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट द्यायला सांगितलं आहे, पहिल्या दिवसांपासूनच. डब्याचं दूध पिणाऱ्या बाळाला त्यातून काही ‘ड’ मिळतं, म्हणून त्याचा हिशेब डॉक्टरांकडून करून घ्यावा.

“म्हणजे निसर्गाने चूक केली?” असं मेव्हण्याने ग्रुपवर विचारलं. निसर्गाने ‘ड’चं काम दुधाकडे दिलंच नव्हतं, कातडीकडे दिलं होतं. आणि इथेच मेसेजचा पुढचा मुद्दा येतो, गोव्याच्या उन्हाचा.

कागदावर तो बिनतोड वाटतो. आपण विषुववृत्तापासून १५ अंशांवर; उन्हाला खरंच तोटा नाही. पण बाळाच्या वाट्याला त्यातलं किती येतं? आमच्याकडे बाळंतिणीची खोली म्हणजे दार लोटलेलं, खिडकीला कापड, वारं लागेल म्हणून बाळाला कुंची, धुरी. चाळीस दिवस असे गेल्यावर पुढे पावसाळा असेल तर जून ते सप्टेंबर आकाशच मिटलेलं. ज्यांचं बाळ फ्लॅटमध्ये आहे ते म्हणतात, काचेतून ऊन येतं की आत! येतं, उजेड येतो, ऊबही येते. पण ‘ड’ तयार करणारे अतिनील-ब किरण खिडकीची काच आत सोडत नाही.

राहिलं ते सकाळचं कोवळं ऊन. आजीने सात वाजता तेल चोळून बाळाला अंगणात घेऊन बसणं याच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. ते दृश्य मला आवडतं. पण सूर्य खाली असतो तेव्हा ते किरण वातावरणातच अडतात. साधी खूण: तुमची सावली तुमच्यापेक्षा लांब असेल तर त्या उन्हातून ‘ड’ फारसं मिळत नाही. सावली आखूड होते ती दहा-अकरानंतर. आणि एप्रिलच्या अकरा वाजताच्या गोव्यातल्या उन्हात उघडं तान्हं बाळ ठेवायला कुठला डॉक्टर सांगेल? सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट उन्हापासून जपायलाच सांगतात. शिवाय सावळ्या कातडीला तेवढंच ‘ड’ बनवायला जास्त वेळ लागतो. कोवळं ऊन सोसतं पण पुरत नाही, कडक ऊन पुरतं पण सोसत नाही. मध्ये तो ‘ड’च्या थेंबांचा १ मिलिलिटरचा ड्रॉपर आहे.

दात काळे होतात, हे मात्र अर्धं खरं आहे. लोहाच्या सिरपने दातांवर वरवरचा डाग बसतो. तो दाताच्या आत जात नाही, घासल्यावर किंवा दातांच्या डॉक्टरकडे सफाई केल्यावर निघतो. औषध जिभेच्या मागच्या बाजूला सोडलं आणि वर घोटभर पाणी दिलं तर बसतही नाही फारसा. शी काळी होते, तीही निरुपद्रवी. आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा. पूर्ण दिवसांचं बाळ पोटातून लोहाचा साठा घेऊन येतं, तो साधारण चार ते सहा महिने पुरतो. नंतर लोह बाहेरून मिळालं नाही तर फक्त चेहरा फिका पडत नाही. मेंदूची वाढ होण्याच्या ऐन काळात त्याला कमी पडतं. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत रक्तक्षयाचं प्रमाण देशभरात ६७ टक्के होतं, आणि शिकलेल्या-सवरलेल्या आपल्या गोव्यातही निम्म्याहून अधिक.

म्हणून सरकारच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर सिरप ठरवलेलं आहे: २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. हे फुकट असतं. म्हणजे “कंपन्यांचा धंदा” म्हणून जे टाळायचं, ते माझ्या दुकानात न येताच अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात विचारून मिळतं. (थॅलेसेमियाचं, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचं, मूल असेल तर हे परस्पर द्यायचं नाही. बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल तर लोह सहा महिन्यांच्या आधीच सुरू करावं लागतं, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने.)

“नाचणीचं सत्त्व द्या.” द्या, जरूर द्या. आमच्या घरी तिजान, म्हणजे नाचणीची पेज, आठवड्यातून तीनदा होतं. पण हिशेब करून बघू. १०० ग्रॅम नाचणीत लोह साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास. बाळाच्या वाटीभर तिजानात पीठ जातं फार तर २० ग्रॅम. म्हणजे वाटीत एक मिलिग्रॅमसुद्धा नाही, आणि त्यातलंही अंगी लागतं दहाव्या हिश्श्याइतकं, कारण नाचणीतलीच फायटेट आणि टॅनिन ही द्रव्यं त्याला धरून ठेवतात. मोड आणून केली तर थोडं बरं. नाचणीचा खरा मोठेपणा कॅल्शियममध्ये आहे, १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅम. लोहासाठी तिला पुढे करणं म्हणजे गोलंदाजाला सलामीला पाठवणं. खजुरात लोह आणखी कमी. गूळ बाळाला पुरेसा द्यायचा म्हटलं तर साखरेचा डोंगर होईल.

खरं लोह हवं तर मासळी, अंडं, कलेजी, मऊ शिजवलेली डाळ, पालेभाजी आणि वर लिंबाचा थेंब. इथे तो ‘क’ खरंच कामाचा आहे, भाजीतलं लोह शोषून घ्यायला मदत करतो. बांगडा किंवा तारल्याचा काटे नीट काढलेला घास सहा महिन्यांनंतर देता येतो. आणि एक गोष्ट बंद करा, जी त्या मेसेजमध्ये नाही पण आपल्या प्रत्येक घरात आहे: सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की दीड वर्षाच्या मुलाला चहात बुडवून पाव. चहा लोहाला आतड्यातून फारसं आत जाऊ देत नाही. तसंच वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त गाई-म्हशीचं दूध. पोट भरतं, मूल गुबगुबीत दिसतं आणि रक्त पांढरं होत जातं.

‘अ’विषयी मेसेज गप्प आहे, मीही थोडक्यात आटोपतो. तो डोस नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर १ लाख युनिट, मग दीड वर्षाच्या सुमारास आणि पुढे दर सहा महिन्यांनी २ लाख, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ डोस. कार्डावर नोंद करून घ्या, कारण तो चुकून दुप्पट व्हायला नको.

ब१२बद्दल मात्र मेसेज गप्प राहिला हे वाईट. सोमवारी शिवराक, म्हणजे मासळी-मटणाशिवायचं जेवण, असणाऱ्या घराला काही होत नाही. पण ज्या घरात बारा महिने शिवराक आहे आणि दूध-दहीही बेताचंच, तिथल्या आईलाच ब१२ कमी असतं, म्हणून तिच्या दुधातही कमी येतं. असं बाळ सहा-आठ महिन्यांनंतर मंदावतं, हसायचं थांबतं, बसायला लागलेलं पुन्हा लवंडतं, बोटांची पेरं काळवंडतात, केस विरळ होतात, कधी हात थरथरू लागतात. भारतात १९५०च्या दशकापासून डॉक्टर हा आजार नोंदवत आले आहेत. लोक समजतात दृष्ट लागली. इथे दुकानातून बाटली नेऊन भागत नाही. बाळाला आणि आईला, दोघांनाही दाखवायचं.

आता सगळ्यात धोक्याचं वाक्य: “जास्त झालं तरी लघवीतून निघून जातं.” ‘ब’ आणि ‘क’च्या बाबतीत बहुतांशी हे चालून जातं. अ, ड, ई, के चरबीत विरघळतात, शरीरात साठतात. ‘ड’ फार झालं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. बाळ ओकतं, शी घट्ट होते, लघवी वाढते, सुकत जातं, मूत्रपिंडावर येतं. आणि हे घडतं ते मापाच्या चुकीने. बाजारात ‘ड’चे थेंब एका मिलिलिटरला ४०० युनिटचे आहेत तसे ८००चेही आहेत, खोकी जवळपास सारखीच. जुन्या बाटलीचा ड्रॉपर नव्या बाटलीत घालणारी माणसं मी दर महिन्याला बघतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१०मध्ये नेमक्या याच ड्रॉपरच्या घोळावर इशारा दिला होता. मोठ्या माणसांना आठवड्याला एकदा देतात ती ६० हजार युनिटची पुडी “थोडी बाळालाही” देणारे महाभाग आहेत. ४००ने भागून बघा: दीडशे दिवसांचं औषध एका घोटात.

लोहाचंही तसंच. आईच्या लोहाच्या गोळ्या चॉकलेटसारख्या दिसतात. एका गोळीत ६० मिलिग्रॅम धरलं तर दहा किलोच्या मुलाला तीन-चार गोळ्यांतच विषबाधेची लक्षणं दिसू शकतात आणि दहा गोळ्या जिवावर बेतू शकतात. तो डबा देवघराच्या फळीवर नको, कपाटात कुलपात.

आणि ती पावडर. वर्षानंतर मूल कमी जेवतं, कारण त्याची वाढच मंदावते: पहिल्या वर्षात तीन किलोचं नऊ किलो होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो चढतं. त्याला भूक तेवढीच लागणार. मल्टिव्हिटॅमिनने भूक वाढत नाही, उंची तर नाहीच. भुकेच्या काही सिरपमध्ये सायप्रोहेप्टाडिन असतं. ते मुळात ॲलर्जीचं औषध, गुंगी आणणारं. गमी, म्हणजे जेलीसारख्या चघळायच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या, म्हणजे साखर, वर लहान मुलाच्या घशात अडकण्याची भीती. हे मी विकतो. विचारलं तर नको म्हणतो, न विचारता मागितलं तर देतो, एवढा माझा प्रामाणिकपणा.

मेसेज दाखवणाऱ्यांतली एक आई परवा पुन्हा आली. कडेवर पाच महिन्यांची मुलगी. ‘ड’चे थेंब तीन आठवडे बंद होते, ते पुन्हा द्यायला डॉक्टरांनी सांगितलं म्हणाली. मी ४००वालं खोकं काढलं, ड्रॉपरवरची १ मिलिलिटरची रेघ पेनाने गडद केली आणि ड्रॉपर बाटलीला रबरबँडने बांधून दिला. जाता जाता तिने विचारलं, मोठ्याचं भुकेचं टॉनिक संपलंय, तेही देता का एक. मी म्हटलं, तो सकाळी चहा-पाव खातो का आधी सांग. ती हसली आणि टॉनिक न घेताच गेली.