तेराचा सेट लावा, टोन सुधारेल? थांबा जरा

गिटार शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला वर्षानुवर्षं पुढे ढकलला जातो. तार जितकी जाड तितका टोन भारी, म्हणून थेट तेराचा सेट (पहिली तार 0.013 इंचाची) लावा. तारांवरच्या वेटोळ्याच्या धातूत फॉस्फर ब्रॉन्झच घ्या, 80/20 कर्कश वाजतात. कोटेड, म्हणजे पातळ थर चढवलेल्या तारा म्हणजे पैसे पाण्यात. जुन्या तारा उकळल्या की नव्या होतात. आणि हे सगळं कुठल्याही गिटारला चालतं. यातल्या बहुतेक वाक्यांत चिमूटभर तथ्य आहे, म्हणून तर हा सल्ला मरत नाही.

आधी जाडीचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. तेराच्या सेटमध्ये पहिली तार 0.013 इंच जाडीची, सहावी साधारण 0.056. जाड तारेला वजन जास्त, त्यामुळे तोच सूर मिळवायला ती जास्त ताणावी लागते आणि ती गिटारचा टॉपही (पुढची फळी) जास्त जोराने हलवते. आवाज मोठा होतो, खर्ज भरतो. इथपर्यंत सल्ला बरोबर आहे. पण सहा तारांचा एकूण ताण दहाच्या सेटला 60 किलोच्या आसपास असतो, बाराच्या सेटला 74 आणि तेराच्या सेटला 85. दहाच्या सेटवरून तेरावर उडी मारली की हा 25 किलोचा बोजा गिटारवरच पडतो. ब्रिज (टॉपवरची तारा अडकवायची पट्टी) पुढे ओढला जातो, त्याच्या मागे टॉप फुगतो, नेक (गिटारची मान) वाकते, ॲक्शन म्हणजे तारांची नेकपासूनची उंची चढते. नटच्या (नेकच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा बारीक तारांसाठी कापलेल्या असतील तर जाड तार त्यात अडकते आणि ट्यूनिंग जागेवर राहत नाही. काही स्वस्त गिटारमध्ये तर ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ करायची आतली सळईच नसते, मग वाकलेली नेक सरळ करणार कशी?

शिवाय तार जाड झाली की ताठही होते. ताठ तारेचे वरचे स्वरांश मूळ सुराच्या नेमक्या पटीत न राहता किंचित चढे लागतात. बोटांनी छेडून वाजवणाऱ्या बऱ्याच जणांना बारीक तारा स्वच्छ वाटतात, त्यात याचाही वाटा आहे. आणि शिकाऊ माणसाचं काय? एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा एफचा बार कॉर्ड अजून बसत नसताना त्याच्या हातात तेराचा सेट दिला तर अर्धवट दाबलेल्या तारांची खरखरच ऐकू येणार. टोन राहिला बाजूला.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन. तो तेराच्या तारा वाजवायचा, खरं आहे. पण इलेक्ट्रिक गिटारवर, आणि तीही अर्धा सूर उतरवून. अर्धा सूर उतरवला की ताण सुमारे 11 टक्क्यांनी घटतो, म्हणजे तेराचा सेट जवळपास बाराच्या ताणावर येतो. हे दुसरं अर्धं वाक्य फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. गायकाच्या पट्टीसाठी तुम्हीही कायम गिटार उतरवून ठेवत असाल आणि गिटार दणकट असेल, तर तेराचा सेट जरूर लावा. मिरजेत तानपुरा घ्यायला गेलात तर आधी पट्टी विचारतात आणि मग त्या बेताच्या तारा चढवतात. गिटारवाल्यांना हा साधा प्रश्न का सुचू नये, कळत नाही.

आता धातू, म्हणजे जाड तारांच्या स्टीलभोवतीचं वेटोळं. 80/20 म्हणजे 80 टक्के तांबं आणि 20 टक्के जस्त. फॉस्फर ब्रॉन्झमध्ये साधारण 92 टक्के तांबं, 8 टक्के कथील आणि नावापुरता फॉस्फरस. 80/20 तारा नव्या असताना जास्त चमकदार वाजतात, पण ती चमक लवकर उतरते. फॉस्फर ब्रॉन्झच्या जरा गोलसर वाजतात आणि तशा टिकतात. यात एकच बरोबर असं काही नाही. मुळातच दबक्या आवाजाच्या महोगनी गिटारला 80/20 मोकळं करतात, तर आधीच चरचरीत वाजणाऱ्या गिटारला फॉस्फर ब्रॉन्झ शांत करतात. डॅडारिओ या तारा बनवणाऱ्या कंपनीने फॉस्फर ब्रॉन्झच्या तारा 1974 मध्ये आणल्या. त्याआधीची सगळी अकूस्टिक रेकॉर्डिंग्ज त्यांच्याविनाच झाली आणि ती कर्कश आहेत असं कुणी म्हणत नाही. आणखी एक गंमत म्हणजे पहिल्या दोन तारा दोन्ही सेटमध्ये साध्या स्टीलच्याच असतात. साउंडहोलमध्ये (टॉपच्या भोकात) तारांची कंपनं चुंबकाने टिपणारा मॅग्नेटिक पिकअप बसवला असेल, तर त्याला ब्रॉन्झचं वेटोळं जवळजवळ कळतच नाही, तो आतल्या स्टीलकडे बघतो.

कोटेड तारांवरचा आक्षेप पहिल्या दिवसापुरता ठीक आहे. शेजारी शेजारी ठेवून ऐकलं तर नवी बिनकोटिंगची तार जास्त खुली वाजते. पण मुंबई-कोकणात जुलै महिन्यात, घामट बोटांखाली, तिसऱ्या आठवड्यात ऐका. बिनकोटिंगची काळवंडलेली असते, कोटेड अजून वाजत असते. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी तारा बदलणाऱ्याला कोटेडची गरज नाही. चार-चार महिने सेट न बदलणाऱ्याला मात्र तोच स्वस्त पडतो.

उकळण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. वेटोळ्यांत अडकलेला मळ निघतो, तार दोन-चार दिवस बरी वाजते. फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) घासून पडलेले खळगे आणि थकलेला धातू उकळून भरून येत नाहीत. इतका गॅस जाळण्यापेक्षा वाजवून झाल्यावर सुक्या फडक्याने तारा पुसाव्यात.

तारा बदलायच्याच असतील तर एकेक पायरी चढा, दहावरून अकरा, अकरावरून बारा. दोन दिवसांनी पहिली तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळते तिथे एकदम दाबून मधोमध तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. साध्या कागदाची दोन-तीन पानं जातील इतकी असेल तर ठीक. त्याहून बरीच जास्त दिसली तर गिटार दुरुस्तीवाल्याकडे न्या.

राहिलं ‘कुठल्याही गिटारला चालतं’. हे तर सरळ धोक्याचं आहे. क्लासिकल गिटार नायलॉनच्या तारांसाठी बांधलेली असते. तिच्यावर एकूण ताण 40 किलोच्या आसपास येतो आणि टॉपखालच्या पट्ट्याही त्याच हिशेबाने हलक्या असतात. स्टीलचा तेराचा सेट म्हणजे दुपटीहून जास्त ताण. ब्रिज उखडतो, कधी टॉपचा तुकडा सोबत घेऊन. आपली गिटार कुठली ते ओळखायला सोपं आहे: डोक्यात दोन लांब खाचा, रुंद नेक, ब्रिजला पिना नाहीत आणि तारा गाठ मारून बांधलेल्या. अशी गिटार असेल तर दहाचा स्टीलचा सेटसुद्धा चढवू नका.