राणीची जात

आमच्या घरात कुणाची जात विचारायची नाही, हा वडिलांनी घालून दिलेला नियम. कामाच्या मावशी असोत, सईच्या मैत्रिणी असोत नाहीतर टाकी धुवायला येणारा पोरगा असो, सगळ्यांना सारख्याच कपात चहा. वडील गेले तरी नियम राहिला. तो मोडला मी. एका मुंगीपायी.

झालं असं, की जूनमधला पहिला दणदणीत पाऊस पडून गेला आणि संध्याकाळी गॅलरीतल्या ट्यूबलाइटखाली पाखरांचा खच पडला. आई केरसुणी घेऊन धावली, तिच्या पुढे सई कंपासपेटी रिकामी करून. त्या खचातून तिने एक काळी, ठसठशीत, बिनपंखांची बाई उचलली.

"बाबा, ही राणी आहे. हिची जात सांग."

मी बँकेत नोकरी करतो. तरी बापाच्या अधिकाराने म्हणालो, "वाळवी आहे ती. टाक बाहेर."

सातवीतल्या मुलीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी ऑडिटरच्या डोळ्यांतही पाहिलेली नाही. तिने भिंग हातात दिलं. वाळवीच्या मिशा मण्यांच्या माळेसारख्या, सरळ. हिच्या कोपरात दुमडलेल्या. वाळवीला कंबर अशी नसतेच, हिची दोऱ्याएवढी. पाठीवर मात्र चांगला उंचवटा, उडायचे स्नायू तिथेच असतात म्हणून. दोन्ही बाजूंना पंख तुटल्याचे बारीक वण. पंख तिने स्वतःच मोडून टाकलेले.

मुंगीला पंख फुटले की तिचे दिवस भरले, असं आपण म्हणतो. ते खरं आहे नवरदेवाच्या बाबतीत. तो उडतो, लग्न लावतो आणि एकदोन दिवसांत मरतो. राणी जमिनीवर उतरते, पंख टाकते आणि संसाराला लागते. एका युरोपीय जातीची पाळलेली राणी २८ वर्षं जगल्याची नोंद आहे. माझं गृहकर्ज २० वर्षांचं आहे.

राणीला सईच्या प्रयोगाच्या पेटीतल्या टेस्ट ट्यूबमध्ये ठेवलं. तळाला पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाला पुन्हा कापूस, वरून काळं फडकं. आणि मी जात शोधायला बसलो.

पहिला प्रश्न: कंबरेला गाठी किती? एक असेल तर काही घराणी, दोन असतील तर दुसरी. सोपं वाटतं. पण काचनळी गोल, त्यामुळे फोटोत राणी कधी भोपळ्यासारखी, कधी पडवळासारखी. शिवाय ती एका जागी थांबेना. थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली की मुंग्या मंदावतात, असं कुठेतरी वाचलं होतं. ते मी मोठ्याने बोललो. "त्या फ्रिजमध्ये दूध असतं," बायको म्हणाली. विषय संपला.

अखेर गाठ एकच निघाली. आता पोटाचं टोक बघायचं होतं. तिथे बारीक गोल भोक आणि भोवती केसांची झालर असेल तर घराणं नक्की होतं. तिथूनच त्या आम्ल फवारतात. एका राणीच्या पार्श्वभागाला भिंग लावून बसलेला बँकेचा असिस्टंट मॅनेजर बायकोने दारातून पाहिला आणि काही न बोलता दार लोटून घेतलं.

लांबी मोजली तेव्हा पट्टीवर १४ मिलिमीटर आली. सईने मोजली, १७. तिने अंग ताणलं होतं, सई म्हणाली. राणीने, सईने नाही.

शेवटी मुंग्यांतल्या एका जाणकारांना फोटो पाठवले. उलट प्रश्न आले: गाव कोणतं, तारीख कोणती, किती वाजता सापडली, एक फोटो बाजूने हवा, एक समोरून चेहऱ्याचा. आई म्हणाली, "पासपोर्ट काढताय का तिचा?" दोन दिवसांनी उत्तर आलं: कॅम्पोनोटस एसपी.

"एसपी? पोलिसातली आहे?" आईचा प्रश्न.

मी समजावलं. कॅम्पोनोटस हे आडनाव, सरकारी फॉर्मसारखं आधी लिहायचं. पुढे नाव येतं. नाव कळलं नाही की एसपी लिहून मोकळं व्हायचं. आणि हे खटलं लहान नाही, एका आडनावाखाली जगात हजारावर जाती.

"आडनाव कळलं ना? मग झालं. आपल्याकडे तेवढ्यावर जात ओळखतात लोक," आई म्हणाली. आणि मग आम्ही दोघंही जरा वेळ गप्प बसलो.

पण मी इरेला पेटलो होतो. बिंगहॅम नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या मुंग्यांवर १९०३ साली जाडजूड ग्रंथ काढला, तो इंटरनेटवर फुकट मिळतो. रात्री एकपर्यंत वाचला. त्यातली ओळखीची कोष्टकं कामकरी मुंग्यांवर बेतलेली! म्हणजे राणी कोण हे ठरवायचं तिच्या प्रजेवरून, त्यातही मोठ्या डोक्याच्या कामकऱ्यांवरून. आणि ही बाई अजून एकटीच.

एकटी आणि उपाशी. आईने साखर, रव्याचा लाडू, चिमूटभर पोहे असं सगळं पुढे केलं. सईने अडवलं. ही राणी पहिली लेकरं होईपर्यंत काही खात नाही, उडायचे स्नायू जिरवून त्यावरच अंडी-अळ्या पोसते. आईच्या डोळ्यांत एकदम आदर आला. "आषाढी लागायच्या आत चातुर्मास धरला हिने," म्हणाली आणि नळीवरचं फडकं स्वतः नीट केलं.

जुलैच्या शेवटी कोशातून तीन मुंग्या बाहेर आल्या. तांदळाच्या कणीएवढ्या. मी पट्टी घेऊन धावलो, पण पहिल्या खेपेच्या मुंग्या अशाच खुरट्या असतात. मोठ्या डोक्याची यायला वर्षही लागेल.

आईने काडीच्या टोकाला गूळ लावून आत सरकवला. तिघी चिकटल्या.

"मुंगळा!" आई म्हणाली. "लाल असती तर आत्तापर्यंत चावली असती. बारकी काळी साखरेची, ती धावत सुटते. हा गुळाचा मुंगळा. दोन महिने घालवलेस."

"अगं, कॅम्पोनोटस सगळ्याच गोडावर येतात. त्यावरून जात ठरत नाही."

"मग सगळे मुंगळेच."

यावर बिंगहॅममध्येही उत्तर नव्हतं. सईने चिठ्ठीवरच्या एसपीखाली सुबक अक्षरात 'मुंगळा' लिहिलं.

एवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली. गुळाचा डबा उघडाच राहिला होता आणि खिडकीतून ओट्यापर्यंत काळी रांग लागली होती. आई मुंग्यांचा खडू हातात धरून उभी. "यांच्यातले दोघेतिघे चांगले मोठ्या डोक्याचे दिसतायत," ती म्हणाली. "जात बघायचीय, की मारू रेघ?"

"थांब!" मी ओरडलो आणि पट्टी शोधायला पळालो.