नाकासमोर चालेना

आमची पिकअप जुनी, पुढेही स्प्रिंगच्या पाट्यांवरच उभी राहणारी आणि स्वभावाने जरा स्वतंत्र. ओतूरहून आळेफाट्याकडे निघालो की रस्ता सरळ असो नसो, माझे हात सारखे डावी-उजवी करत असतात. स्टिअरिंग वीतभर फिरवावं तेव्हा कुठे चाकांना निरोप पोहोचतो आणि तोवर तो शिळा झालेला असतो. मागे टोमॅटोचे क्रेट रचले की पुढचं वजन हलकं होतं, मग तर बोलायलाच नको. नगरकडून येणारा ट्रक शेजारून गेला की नुसत्या वाऱ्याने गाडी साइडपट्टीचं दर्शन घेऊन येते. ओव्हरटेक करणारे मोटारसायकलवाले आधी गाडीकडे बघतात, मग माझ्या डोळ्यांकडे. नारायणगावच्या बाजारात तर एका ओळखीच्या आडत्याने विचारलंच, "काय शेठ, सकाळी सकाळीच?"

निदानं मात्र फुकट मिळतात. पंक्चरवाल्याच्या मते हवा. पुढच्या दोन टायरांत ती कमी-जास्त होती हे खरंच. सारखी केल्यावर गाडी दोन्ही बाजूंना सारखीच जायला लागली. चुलत्यांच्या मते दोष ड्रायव्हरचा. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने "दोन मिनिटांचं काम" म्हणत स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळून दिला. कुठलीही गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे बॉक्समधले दात मधोमध जास्त झिजतात. मधली ढिलाई काढायला स्क्रू पिळला की कडेचे, न झिजलेले दात आवळतात. परिणामी चौकात वळलेलं स्टिअरिंग परत यायला तयार होईना, आणि सरळ रस्त्यावरचं डुलणं होतं तसंच.

शेवटी गावातल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी जॅकवर घेतलीच नाही. "चाकं जमिनीवर राहू द्या, वजन असलं की खोड दिसते," म्हणत ते पोतं टाकून खाली सरकले. मी केबिनमध्ये. खालून आवाज, "हलवा!" मी हलवलं. "अहो हलवा म्हटलं, फिरवा नाही म्हटलं!" मी इंचभर इकडे, इंचभर तिकडे करत राहिलो आणि ते एकेका जोडावर तळहात ठेवून, डॉक्टर नाडी बघतात तसं, बघत गेले. मग मला खाली बोलावलं. ड्रॅग लिंकच्या, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या, बॉल जॉइंटचं रबर फाटलं होतं आणि आतल्या ग्रीसचा काळा चिखल झाला होता. दांडा हलायचा, मग क्षणभर थांबून पुढचा हलायचा. दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडच्या टोकालाही तेच.

मग एकेक चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं. खडखड आली. "ब्रेक दाबा." दाबला, तरी खडखड. म्हणजे बेअरिंग नाही, किंगपिनचे बुश, चाक ज्या खिळीवर वळतं तिच्याभोवतीच्या नळ्या. ग्रीस भरायच्या निप्पलांत माती बसलेली. ग्रीसगन लावली तरी आत काही जात नव्हतं. पाट्यांचे यू-बोल्टही थोडे सैल. प्रत्येक ठिकाणी प्ले, म्हणजे ढिलाई, थोडीथोडीच, पण सगळ्यांची बेरीज माझ्या हातात येत होती.

सामान बदललं, नव्या स्प्लिट पिना टोचल्या, पिळलेला स्क्रू मोकळा करून नीट बसवला. अलाइनमेंटवाल्याने पुढच्या चाकांची तोंडं दोन-तीन मिलिमीटर आत घेतली. परतताना मी रस्त्यावर आणि गाडीही रस्त्यावर. बिल ऐकून मात्र मीच जरा डाव्या बाजूला गेलो.

घरी आल्यावर वडिलांनी जुन्या सामानाची पिशवी उघडली. एक झिजका जॉइंट फडक्याने पुसला, बोटाने गरागरा फिरवून बघितला आणि म्हणाले, "हा चांगलाय की. कशाला बदलला?" मग तो जपून माळ्यावर ठेवला, मागच्या क्लचप्लेटशेजारी.