खुलासा : बर्फातली ती काळी रांग सोन्याच्या खाणीतली नाही

पांढऱ्या उतारावर मुंग्यांसारखी चढणारी माणसांची रांग. 'अलास्कातल्या सोन्याच्या खाणीत राबणारे मजूर' असं लिहून फिरणारा हा जुना फोटो खाणीचा नाही. तो चिल्कूट खिंडीचा आहे, १८९७-९८च्या हिवाळ्यातला. खिंडीच्या अलीकडे अलास्का, पलीकडे कॅनडा. सोनं होतं ते कॅनडात, क्लोंडाइकला, तिथून शेकडो किलोमीटर पुढे.

रांगेतले बहुतेक लोक कोणाचे मजूर नव्हते, ते सोनं शोधायला निघालेले होते. ते स्वतःचंच सामान वाहत होते. वर्षभराची शिधासामग्री असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस पुढे सोडत नसत आणि सगळं मिळून ते ओझं जवळजवळ एक टन व्हायचं. म्हणून एकच माणूस बर्फात खोदलेल्या त्याच पायऱ्या पुन्हा पुन्हा चढायचा. पैसे असतील तर हमाल मिळत. त्यांत त्लिंगिट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, बरेच होते. ही वाट मुळात त्यांच्याच व्यापाराची, हे मात्र अशा मजकुरात कधीच येत नाही, आणि ते मला फार खटकतं.

अशा फोटोंसोबत 'सगळे श्रीमंत होऊन परतले' असंही सांगितलं जातं, तेही खोटं. सुमारे एक लाख लोक निघाले, तीस-चाळीस हजार क्लोंडाइकजवळच्या डॉसन गावी पोहोचले. तोवर सोन्याच्या चांगल्या जागा आधीच आलेल्यांनी घेतल्या होत्या.

असा फोटो आजोबा-पणजोबांच्या अल्बममध्ये सापडला, तरी तो त्यांनीच काढला असं धरू नये. एरिक हेग यांच्यासारखे व्यावसायिक छायाचित्रकार तिथे प्रती विकत असत.