चार माणसं उभी राहिली म्हणजे टेबल टाकीला चालेल?

घरी मत्स्यालय ठेवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे: "टेबलावर चार मोठी माणसं उभी करा. हललं नाही तर टाकी बिनधास्त ठेवा. पाय जितके जाड तितकं टेबल भक्कम. फळी थोडी वाकडी असली तर खाली थर्माकोल घाला, तो सगळं सांभाळून घेतो." ऐकायला सोपा आहे, म्हणूनच टिकला आहे. एकेक वाक्य घेऊन बघू.

"चार माणसं उभी करा." चार माणसांचं वजन साधारण २८० किलो. आता १२० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरची टाकी घ्या. काठाखाली थोडी जागा सोडली तरी पाणी सव्वादोनशे लिटरच्या आसपास, म्हणजे तितकेच किलो. १० मिलिमीटरची काच असेल तर तिचे ५० किलो. खडीचा थर वेगळाच. सगळं मिळून ३०० किलोंच्या पुढे जातं, म्हणजे आकड्यातही ही परीक्षा थोडी कमीच पडते. पण खरी गोची आकड्यात नाही. माणसं मिनिटभरात खाली उतरतात, टाकी उतरत नाही. सतत भार असला की लाकूड महिनोन्‌महिने हळूहळू वाकत राहतं. पार्टिकल बोर्ड तर फारच वाकतो, आणि कडेने पाणी मुरलं की फुगून भुसभुशीत होतो. शिवाय फळी दोन मिलिमीटर दबली तर वर उभ्या माणसाला पत्ताही लागत नाही. काचेला लागतो.

"पाय जितके जाड तितकं टेबल भक्कम." हा या सल्ल्यातला सर्वांत फसवा भाग, कारण डोळ्यांना तो पटतो. लाकूड रेषांच्या दिशेने दाबलं तर अफाट वजन पेलतं. दीड इंच बाय साडेतीन इंचांचा, बिनगाठीचा, कमरेच्या उंचीचा सरळ पाय एका टनाहून जास्त भार घेतो. आपल्या टाकीचा त्याच्या वाट्याला येणारा भार ७५-८० किलो! म्हणजे पाय चिरडण्याची भीती मुळातच नव्हती. टेबल पडतं ते बाजूला कलंडून. पाय उभेच राहतात, सांधे मात्र सुटतात आणि चौकोनाचा तिरपा चौकोन होतो. कुणाचा धक्का लागला, पाणी हिंदकळलं की हाच आडवा जोर येतो. त्यावर उपाय जाडीचा नाही: मागच्या बाजूला अख्खी प्लायवूडची फळी गोंद आणि स्क्रू लावून बसवा, किंवा कोपऱ्यांत तिरके आधार द्या. बाजूंनाही तेच करा. पातळ प्लायवूडसुद्धा इथे जाड पायांपेक्षा जास्त काम करतं.

सांध्यांबद्दल आणखी एक. वरची चौकट पायांच्या डोक्यावर टेकली पाहिजे, किंवा पायात पाडलेल्या खाचेत बसली पाहिजे. ती नुसती स्क्रूंवर लटकत असेल तर ३०० किलो लाकडावर नाही, चार-आठ स्क्रूंवर उभे आहेत.

आणि जाडी खर्च करायचीच असेल तर ती आडव्या पट्ट्यांच्या उंचीत करा. पट्टीची उंची दुप्पट केली की ती आठपट ताठ होते. पायांमधलं अंतर दुप्पट केलं की तेवढ्याच भाराखाली आठपट वाकते. म्हणून तीच दीड बाय साडेतीनची पट्टी आडवी न टाकता काठावर उभी बसवा. फुकटात साडेपाचपट ताठपणा मिळतो. इतकी साधी गोष्ट सल्ल्यात नाही, आणि जाड पाय मात्र आहेत.

"थर्माकोल सांभाळून घेतो." अर्धसत्य. तळाची काच सपाट थेट टेकणारी टाकी असेल तर पातळ शीट एखादा खडा, रंगाचा थेंब, लाकडाचा बारीक उंचवटा गिळते. तेवढ्यासाठी ती घालावीच. पण फळी मध्ये दबलेली किंवा एक कोपरा खाली गेलेला असेल तर काचेला पीळ बसतो, तो थर्माकोल काढू शकत नाही. दोष फक्त नजरेआड जातो. ज्या टाक्यांना खाली प्लास्टिकची चौकट असते आणि तळाची काच अधांतरी असते, तिथे तर शीट घालूच नये. ती मधल्या काचेला खालून रेटते.

टेबल एका बाजूला कलत असेल तर पाचर टेबलाच्या पायाखाली मारायची, टाकी आणि फळीच्या मध्ये नाही.

माणसं उभी करण्याऐवजी हे करून बघा. रिकाम्या टेबलाच्या वरच्या कडेला लांबीच्या आणि रुंदीच्या दिशेने जोरात ढकला. वरचा भाग डुलला तर आधार कमी आहेत. मग पाणसळ लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवा. टाकी आधी अर्धीच भरा, एक रात्र जाऊ द्या आणि पाणसळ पुन्हा लावा. बुडबुडा सरकला असेल तर टाकी रिकामी करून दुरुस्ती करा. अर्धी टाकी उपसणं सोपं असतं.