हवेत आवळलेला बुश

"लोअर आर्मचे बुश बदलायला मेकॅनिक कशाला? गाडी जॅकवर घ्या, जुना बुश ठोकून काढा, नव्याला ग्रीस चोळून हातोडीने बसवा, बोल्ट गच्च आवळा. अलाइनमेंटचीही गरज नाही." हा मेसेज साताऱ्यात जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या निम्म्या लोकांच्या मोबाइलवर आला असेल. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यातलं रबरी नळकांडं. घरी काम करायला माझी ना नाही, मीही अंगणातच करतो. पण सांगितलेली पद्धत गाडीची वाट लावणारी आहे.

"गच्च आवळा" म्हणे. पण कधी? रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. आतली नळी बोल्टने जखडते, बाहेरचं कवच आर्ममध्ये घट्ट असतं; चाक वरखाली झालं की मधलं रबर पिळलं जातं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली टेकताच रबराला कायमचा पीळ बसतो. माझ्या मारुती ८००चा बुश मी असाच हवेत आवळला होता. चार महिन्यांत यवतेश्वरचा घाट उतरताना खटखट सुरू झाली. काढून पाहिला, तर रबर काळंभोर, नवंकोरं, आणि नळीच्या कडेने नख आत जाईल एवढी चीर. माल चांगलाच होता. म्हणून बोल्ट हाताने लावा, चाक चढवा, गाडी जमिनीवर घेऊन थोडी पुढेमागे ढकला, मग आवळा. पाना पोचत नसेल तर चाकं भक्कम फळ्यांवर चढवा.

ग्रीसही चुकीचं. साध्या ग्रीसने रबर फुगतं, मऊ पडतं. साबणाचं पाणी पुरतं. सिलिकॉन ग्रीस लागतं ते पॉलियुरेथेनच्या, म्हणजे रबराऐवजी कडक प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या, बुशला. गफलत बहुधा तिथेच झाली असावी.

हातोडीने कवचाची कड दुमडते, बुश तिरका जातो. लांब बोल्ट, जाड वॉशर, कवचाच्या कडेवरच टेकेल असं सॉकेट आणि पलीकडे पाइपाचा तुकडा घेऊन हळूहळू ओढून घ्या. नाहीतर आर्म काढून प्रेसवाल्याकडे न्या. जुना बुश कोणत्या दिशेने होता, ती खूण आधी करा.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करायचंच. नाहीतर टायर एका कडेने झिजतो.

आणि मेसेजमध्ये उचललेल्या गाडीला टेकू देणाऱ्या स्टँडचं नावच नाही! जॅक गाडी उचलायला असतो, तिच्याखाली शिरायला नाही. आमच्या अंगणात मुरूम आहे. पावसाळ्यात जॅकचा पाय बघता बघता बोटभर रुतला होता. तेव्हा गाडी दोन स्टँडवर होती आणि स्टँडच्या पायांखाली फळी होती, म्हणून ती जागची हलली नाही.